नाचणीचं बिस्कीट आणि गावची गिरणी



मागच्या हिवाळ्यात जिल्ह्याच्या ठिकाणी बचत गटांचं प्रदर्शन होतं. आपल्या संघाचा स्टॉल लागला होता. पापड, लोणची, मसाले, गोधड्या हे नेहमीचं होतंच, पण या वेळी एक नवीन वस्तू होती, नाचणीची बिस्किटं. गहू नाही, मैदा नाही, अंडं नाही. पाकिटावर मी स्वतः कॉम्प्युटरवर लेबल करून चिकटवलं होतं आणि मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, "ग्लूटेन फ्री". शहरात हा शब्द चालतो, एवढंच माझ्या डोक्यात.

दुपारी एक बाई आल्या. बरोबर सात-आठ वर्षांची मुलगी. बाईंनी पाकीट उचललं, उलटसुलट करून पाहिलं आणि बिस्किटं करणाऱ्या आपल्या ताईला विचारलं, "पीठ कुठे दळता?"

ताई म्हणाली, "गावच्या गिरणीत."

"तिथे गहू दळतात का?"

"दळतात की. सगळ्यांचाच दळतात."

बाईंनी पाकीट जागेवर ठेवलं. रागावल्या वगैरे नाहीत. "खरं सांगितलंत, बरं वाटलं," म्हणाल्या आणि गेल्या. मुलगी मात्र मागे वळून पाकिटाकडे बघत होती. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण तिच्या घरात तसंच एक मूल आहे. आणि मला कळलं की ते लेबल खोटं होतं. मुद्दाम खोटं नव्हतं, पण त्या मुलीच्या पोटाला त्याने काय फरक पडला असता?

म्हणून हा लेख. या महिन्यात तीन गटांनी "आम्हालाही बिस्किटं, केक करायचेत, ॲलर्जीवाल्यांसाठी" असं मला विचारलंय. स्वप्न चांगलंय. पण या धंद्यात उतरण्याआधी काही गोष्टी माहीत हव्यात. त्यातल्या बऱ्याच मलाही त्या दुपारनंतरच कळल्या.

ताईच्या मुलाची गोष्ट

ताई आपल्याच एका गटातली. नाव लिहू नको म्हणाली, म्हणून ताईच म्हणते. मुलगा तीन वर्षांचा झाला तरी वजन वाढेना. पोट फुगलेलं, हातपाय काड्या, सारखं पोट बिघडलेलं. घरचे म्हणायचे जंत असतील, कुणी म्हणायचं नजर लागली. औषधं झाली, अंगारे झाले. शेवटी मोठ्या दवाखान्यात रक्त तपासलं, मग तोंडातून नळी घालून आतड्याचा तुकडा तपासला आणि निदान झालं, सिलिअ‍ॅक. ताई त्याला "गव्हाचा आजार" म्हणते.

गव्हात, जवात आणि राय नावाच्या धान्यात ग्लूटेन नावाचं प्रथिन असतं. कणीक मळल्यावर जो चिवटपणा येतो, पोळी ताणली तरी तुटत नाही, तो या ग्लूटेनमुळे. सिलिअ‍ॅक असलेल्या माणसाने ते खाल्लं की त्याचं शरीर स्वतःच्याच आतड्याच्या अस्तरावर हल्ला करतं. अन्न अंगी लागत नाही. याला औषध नाही, आयुष्यभर गहू बंद हाच उपाय. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये खायची फार टंचाई झाली. त्या काळात गव्हाचा पाव मिळेना, तर असा आजार असलेली मुलं बरी व्हायला लागली आणि पाव पुन्हा मिळू लागल्यावर पुन्हा आजारी पडली. डिके नावाच्या बालरोगतज्ज्ञांनी हे धरून ठेवलं आणि गव्हाचा संबंध जगापुढे मांडला. एवढ्या उपासमारीत काही लेकरांना मात्र जीवदान मिळालं.

ताईच्या मुलाचा गहू बंद झाला आणि वर्षभरात पोरगं भरलं. भाकरी, भात, नाचणीचं आंबील, सगळं चाललं. अडायचं कुठे? शाळेत कुणाचा वाढदिवस असला की बिस्किटाचे पुडे वाटले जायचे, आणि हा हात मागे बांधून उभा. त्याच्यासाठी म्हणून ताईने कढईत वाळू तापवून, वर ताटली ठेवून नाचणीची नानकटाई भाजायला सुरुवात केली. धंद्याचा विचार तेव्हा तिच्या मनातही नव्हता.

इथे एक गोष्ट ठळक लक्षात ठेवा. तुमच्या घरात कुणाला असा त्रास असेल आणि गव्हाचा संशय असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा, तपासणी करा आणि मगच गहू बंद करा. गहू आधीच बंद केला तर तपासणीत आजार दिसत नाही आणि पुढे सगळा घोळ होतो.

ॲलर्जी वेगळी, न पचणं वेगळं

आपण सगळ्यालाच "ॲलर्जी" म्हणतो. पण ज्याच्यासाठी बिस्कीट करायचं त्याला नक्की काय होतं, हे समजलं पाहिजे.

सिलिअ‍ॅकचं वर सांगितलं, तो हळूहळू आतून पोखरणारा आजार आहे. खरी ॲलर्जी वेगळी, ती अंगावर धावून येते. दूध, अंडं, शेंगदाणा, काजू-बदाम, मासे, सोयाबीन, गहू यातलं ज्याला चालत नाही त्याने खाल्लं की काही मिनिटांत, फार तर दोनेक तासांत अंगावर गांधी उठतात, ओठ-डोळे सुजतात, उलट्या होतात. काहींचा श्वास कोंडतो. असं झालं तर लिंबूपाणी देत बसू नका, १०८ ला फोन करा. आणि तिसरा प्रकार म्हणजे दूध न पचणं. त्यात दुधातली साखर पचत नाही, पोटात गॅस होतो, जुलाब होतात. त्रास होतो, पण जिवावर बेतत नाही.

हा फरक धंद्यात कामाला येतो. "अंडं नाही" म्हणजे "दूध नाही" असं नव्हे. ज्याला दुधाची खरी ॲलर्जी आहे त्याला लोणी चालत नाही आणि आपलं घरचं साजूक तूपही नाही, कारण तुपातही दुधाचं प्रथिन थोडं राहतं. तसंच "मैदा नाही" म्हणजे "गहू नाही" नव्हे. दुकानातलं नाचणीचं बिस्कीट घ्या आणि मागचे घटक वाचा. बऱ्याच वेळा पहिलं नाव गव्हाच्या पिठाचं किंवा मैद्याचं असतं, नाचणी मागे कुठेतरी. रवा हाही गहूच. ओट हे धान्य गव्हाच्याच गोदामातून, यंत्रातून येतं, म्हणून त्यावर भरवसा नाही. आणि हिंग! बांधानी हिंगात गव्हाचं पीठ किंवा मैदा घातलेला असतो, हे मला ताईनेच सांगितलं. खारी बिस्किटं करणार असाल तर डबीवर वाचून घ्या.

अजून एक गंमत. जव चालत नाही, जवस चालतं. एका अक्षराचा फरक. बाजारात यादी देऊन नवऱ्याला पाठवाल तर नीट लिहून द्या.

खरी अडचण गिरणीची

ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरी, राजगिरा, शिंगाडा, बेसन, मका यात कशातच ग्लूटेन नाही. म्हणजे आपल्या घरात, शेतात, सगळा कच्चा माल आहे. शहरातल्या बाईला हे पीठ शोधावं लागतं, आपल्याला शोधावं लागत नाही. मग अडतंय कुठे? दळणात.

अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे "ग्लूटेन फ्री" लिहायचं असेल तर एक किलो मालात २० मिलिग्रॅमहून जास्त ग्लूटेन असता कामा नये. हिशेब केला तर हे चिमूटभर गव्हाच्या पिठापेक्षाही कमी होतं. आता आपली गिरणी डोळ्यापुढे आणा. सकाळपासून गव्हाची दळणं चाललीत. दगडांच्या खाचांत पीठ, पत्र्याच्या पेटीत पीठ, कापडी नळीत पीठ, गिरणीवाल्या दादांच्या भुवयांवर पीठ. त्यात आपली नाचणी टाकली तर पहिल्या दोन-तीन किलोत मूठभर गहू आलाच म्हणून समजा. आणि भाजल्यावर "सगळं मरतं" असं बऱ्याच जणी म्हणतात. मरतात ते जंतू. ग्लूटेन भट्टीच्या उष्णतेने जात नाही.

दळणाच्या आधीही लक्ष हवं. नाचणी ज्या गोणीत भरली त्या गोणीत आधी गहू होता का? खळ्यावर शेजारी गहू मळला होता का? निवडताना गव्हाचा दाणा दिसला तर तो नुसता उचलून टाकून पुढे जाऊ नका, ती सगळी रास पुन्हा निवडा.

त्यानंतर आपलं स्वयंपाकघर. पोळपाट-लाटणं लाकडाचं, त्याच्या रेषांत वर्षांची कणीक बसलेली. चाळणीच्या जाळीत तेच. मिक्सरच्या भांड्यात काल दाण्याचं कूट केलं. दिवाळीला आपण सगळ्या जणी नानकटाईचं सामान घेऊन तालुक्याच्या बेकरीत भाजून आणतो ना, तसं इथे चालणार नाही, कारण त्या भट्टीत दिवसभर मैदाच उडत असतो.

हे सगळं ऐकून मागच्या बैठकीत एक काकू म्हणाल्या, "एवढं कोण पाळणार बाई? सोवळंच झालं की हे." मला वाटलं, अगदी बरोबर शब्द काढला काकूंनी. आपल्याकडे उपवासाचा डबा वेगळा असतो, उपवासाच्या पिठाला पोळीचा हात लागू देत नाही, भाजणी दळायची तर गिरणी झाडून घ्या म्हणून सांगतो. ही सवय आपल्याला कुणी शिकवायला नको. तीच शिस्त इथे लावायची. वेगळी परात, वेगळी स्टीलची चाळणी, वेगळे ट्रे, वेगळा ओटा पुसायचा फडका, सगळ्यावर रंगीत चिकटपट्टी. ज्या दिवशी बिस्किटं करायची त्या दिवशी त्या खोलीत पोळ्या नाहीत. साबणाने धुतलेले हात, धुतलेला गाऊन, कारण सकाळी कणीक मळलेल्या साडीच्या पदरालाही पीठ असतं. फक्त एक लक्षात ठेवा, उपवासाला चालतं ते सगळं ॲलर्जीवाल्याला चालतंच असं नाही. शेंगदाणा उपवासाला चालतो, आणि काही लेकरांच्या तो जिवावर उठतो.

दळणावर उपाय म्हणजे स्वतःची घरघंटी, ज्यात गहू कधीच पडला नाही आणि पडणारही नाही. जुनी, वापरलेली घेऊ नका. स्वस्तात मिळते, पण ती धुता येत नाही.

चव आणि बांधणी

गहू काढला की बिस्किटाचा कणा जातो. पहिले दोन घाणे ताईचे नुसते भुसभुशीत झाले, हातात घेतलं की रांगोळी. मग तिला भाकरी आठवली. ज्वारीच्या पिठाची विरी गेली की भाकरी थापताना चिरते, तेव्हा आपण काय करतो? उकळतं पाणी घालतो. पिठातलं सत्त्व उकडून चिकट होतं. तिने तेच केलं. एकूण पिठातलं थोडं पीठ उकडून घेतलं, ते बाकीच्यात मळलं, गोळा अर्धा तास झाकून ठेवला. बिस्कीट धरायला लागलं. नाचणी आधी मंद भाजून घेतली की कच्चा, मातकट वास जातो. चार भाग नाचणीला एक भाग तांदळाचं पीठ घातलं तर कुरकुरीतपणा येतो.

केकमध्ये अंड्याऐवजी जवसाची पूड चालते. एक चमचा पूड, तीन चमचे पाणी, दहा मिनिटांत बुळबुळीत होतं, ते एका अंड्याच्या जागी घालायचं. पिकलेलं केळंही चालतं, पण मग केळ्याचा वास येतोच, तो लपत नाही. केक मला अजून जमलेला नाही हे कबूल करते. ओटीजीत फुगतो, बाहेर काढला की बसतो. आणि मध्येच लाईट गेली तर विचारायलाच नको. सुरुवात बिस्किटांनीच करा.

मजुरी धरली का?

प्रदर्शनात ताईने २०० ग्रॅमचं पाकीट ६० रुपयांना विकलं होतं आणि नफा झाला म्हणून खूश होती. परत आल्यावर आम्ही दोघी वही घेऊन बसलो. तिच्याकडचे तेव्हाचे भाव असे होते. नाचणीचं पीठ १ किलो ६० रुपये, तांदळाचं पीठ पाव किलो १५, गुळाची पावडर ६०० ग्रॅम ४५, तूप अर्धा किलो ३२५, वेलची-मीठ-बेकिंग पावडर २०. झाले ४६५. त्यातून ११ पाकिटं निघाली, तुटकी बिस्किटं घरच्यांनी खाल्ली. पाकीट आणि लेबल ६ रुपयांप्रमाणे ६६. ओटीजी तीन तास चालला, साडेचार युनिट, साधारण ३६ रुपये. एकूण ५६७, म्हणजे एका पाकिटाला साडेएक्कावन्न. ६० ला विकलं, साडेआठ रुपये सुटले.

"आणि तुझी मजुरी?" मी विचारलं. ती आणि तिची जाऊ, दोघी तीन-तीन तास राबल्या होत्या. "घरचंच काम की," ती म्हणाली. हे वाक्य मी प्रत्येक गटात ऐकते. ताईंनो, तासाला ५० रुपये धरले तरी ३०० होतात. एकूण ८६७, एका पाकिटाला जवळजवळ ७९ रुपये. म्हणजे ६० ला विकून प्रत्येक पाकिटामागे १९ रुपये ताईच्या घामातून गेले. आता ती १०० ला विकते. स्वतः विकलं तर २१ सुटतात. दुकानदाराने शेकडा २० घेतले तर हातात ८० येतात, म्हणजे रुपया-सव्वा रुपया उरतो. म्हणून दुकानात ठेवायची घाई नको. ओळखीच्या घरी, शाळेत, दवाखान्याच्या आवारात, महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनात, जिथे गिऱ्हाईक समोरासमोर भेटतं तिथे आधी विका. तुपाऐवजी तेल घातलं तर खर्च बराच उतरतो आणि दूध न चालणाऱ्यांनाही ते घेता येतं, पण चव बदलते. दोन्ही करून बघा.

गावात ॲलर्जीवालं गिऱ्हाईक किती? मोजकंच. सिलिअ‍ॅकचं प्रमाण आपल्यापेक्षा उत्तर भारतात जास्त आहे. तेव्हा बिस्कीट सगळ्यांसाठी "नाचणीचं, अंड्याशिवाय" म्हणून विका. पण ज्या आईला आपल्या मालाची खात्री पटते ती दुसरीकडे जात नाही, कारण तिला दुसरीकडे जायला जागाच नसते.

कागदपत्रं आणि लेबल

घरून एक पाकीट विकायचं तरी अन्नसुरक्षेची म्हणजे एफएसएसएआयची नोंदणी लागते. वर्षाची उलाढाल छोटी असेल तर साधी नोंदणी पुरते. अर्ज ऑनलाइन असतो, मी आणि उद्योग सखी भरून देऊ. एजंटला हजार-दोन हजार देऊ नका. नोंदणीचा १४ आकडी नंबर पाकिटावर छापायचा.

पाकिटावर घटक जास्त ते कमी या क्रमाने लिहायचे. आणि गहू किंवा ग्लूटेनवालं धान्य, दूध, अंडं, मासे, कोळंबी-खेकडा, शेंगदाणा, सुकामेवा, सोयाबीन, सल्फाइट यातलं काही घातलं असेल तर ते वेगळं, "यात अमुक आहे" म्हणून लिहायचं. घातलं नाही पण लागण्याची शक्यता आहे, तर "यात अमुकचा अंश असू शकतो". "ग्लूटेन फ्री" हे शब्द मात्र मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत माल तपासून, २० च्या आत आकडा आल्याशिवाय लिहायचे नाहीत. तपासणीला पैसे लागतात, आधी दर विचारून घ्या.

मी केलेली ती लेबलं ताईने आणि मी बसून खरवडून काढली. आता पाकिटावर असं आहे: "नाचणी, गूळ, तूप, तांदूळ. यात दूध आहे. पीठ सार्वजनिक गिरणीत दळले आहे, गव्हाचा अंश असू शकतो." विक्री थोडी कमी झाली. एका गिऱ्हाइकाने तर "कशाला लिहिता असलं, कोण विचारतंय" असंही सुनावलं.

पैशाचं म्हणाल तर घरघंटी आणि ओटीजीसाठी गटाचं अंतर्गत कर्ज हा सगळ्यात सोपा रस्ता आहे. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत, म्हणजे २०२० साली आलेल्या पीएमएफएमईमध्ये, अन्नप्रक्रिया करणाऱ्या गटाच्या सदस्याला ४०,००० रुपयांपर्यंत बीज भांडवलाची आणि यंत्रासाठी बँक कर्जावर ३५ टक्के अनुदानाची तरतूद केली होती. बीज भांडवल फुकट नसतं हं, सदस्याला ते कर्ज म्हणून मिळतं, परत करायचं असतं. सध्या अर्ज घेतात का हे कृषी कार्यालयात विचारून मगच कागद गोळा करा.

ताईच्या गटाने घरघंटीसाठी कर्जाची मागणी केली आहे. पुढच्या मासिक बैठकीत विषय आहे. दोन जणींचा विरोध आहे, त्यांचं म्हणणं, एवढे पैसे घालून फक्त नाचणी दळायची, गहू दळायचाच नाही, तर ती परवडणार कशी? प्रश्न रास्त आहे. इतर गटांची नाचणी, ज्वारी, वरी, उपवासाची पिठं तिथेच दळून दिली तर किती दळण जमेल याची यादी मी करतेय. तुमच्या गटातून महिन्याला किती किलो येऊ शकेल ते उद्योग सखीकडे लिहून द्या. बैठकीला ताई तेलातल्या बिस्किटांचा घाणा घेऊन येणार आहे, आणि सुट्टी असल्यामुळे तिचा मुलगाही.